शांती आणि प्रज्ञा

पेडणे महालातील एखाद्या देवळात वार्षिकाच्या दिवशी उभे राहिले म्हणजे गाऱ्हाण्याचा प्रसंग हटकून पाहावयास मिळतो. गावाचा मानकरी देवीपुढे हात जोडून उभा असतो. गुराढोरांना राख, लेकराबाळांना सुखी ठेव, वैऱ्याची दृष्टी टाळ, कोणाचे काही चुकले असेल तर पदरात घे, अशी एकेक मागणी तो मोठ्या आवाजात देवीच्या कानी घालतो आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेला गाव एका सुरात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” या होकाराइतका गंभीर स्वर आपल्या लोकजीवनात क्वचितच ऐकू येतो. गावाने शांती मागितलेली असते आणि साऱ्या गावाची तिला संमती असते.

पण या प्रसंगी मनात एक प्रश्न उभा राहतो. हा होकार देणारा गाव म्हणजे नेमके कोण? मंडपात उभे असलेले, पायरीवर उभे असलेले आणि पूर्वी जे पायरीपासूनही दूर उभे राहत ते, या सर्वांनी मागितलेली शांती एकच होती काय? मानकऱ्याला शांती म्हणजे जसे आहे तसे निर्विघ्न चालावे असे वाटत असेल, तर कुळाला शांती म्हणजे जसे आहे ते कधीतरी बदलावे असे वाटत नसेल कशावरून? शब्द एक, सूर एक, आणि अर्थ मात्र दोन, असे तर येथे होत नाही ना?

शांतीचा हा प्रश्न आपल्या देवतेच्या नावातच गुंफलेला आहे. शिव आणि विष्णू यांच्यात घोर युद्ध जुंपले, सृष्टी होरपळू लागली, तेव्हा जगदंबा दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांना शांत केले. म्हणून दुर्गेची ती शांतादुर्गा झाली, ही कथा गोव्यातील प्रत्येक भाविकाला ठाऊक आहे. धारगळची शांतादुर्गा सोळाव्या शतकात बारदेशातून साखळीमार्गे पेडण्यात आली, अशी परंपरा आहे. दिवाडीचा सप्तकोटीश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याचे देवालय पुन्हा बांधविले. पेडणे आणि डिचोली हे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोपर्यंत जुन्या काबिजादीतून परागंदा झालेल्या देवांना आणि भक्तांना या भूमीने आसरा दिला होता. शांती म्हणजे काय हे आपल्या समाजाला पोथीवरून शिकावे लागले नाही. देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडताना तो ते शिकला.

म्हणूनच ज्या समाजाने अशांती एवढी भोगली, त्याच समाजातून शांतीचा विचार आयुष्यभर करणारे दोन पुरुष निघाले, याचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते याचे, की आपण त्या दोघांचे नाव अभिमानाने घेतो आणि त्यांचा विचार मात्र बाजूला ठेवतो. हे दोघे म्हणजे धर्मानंद कोसंबी आणि त्यांचे पुत्र दामोदर. पिता पाली भाषेचा आणि बौद्ध धर्माचा पंडित. पुत्र पदवीने गणिती, परंतु समाज कसा बनतो आणि कसा बदलतो याचा शोध घेणारा, आणि शांततेच्या चळवळीत उतरलेला प्राध्यापक. एकाने शांती मनात शोधली, दुसऱ्याने ती समाजाच्या रचनेत शोधली. कोणाचा शोध खरा, हा या लेखाचा विषय आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांखवाळ येथे झाला. हेही एक परागंदा देवांचेच गाव. तेथील लक्ष्मीनृसिंह अंत्रुज महालात वेलिंगला गेला तो परत आला नाही. घरची माडांची बागायत, शिक्षण बेताचे, भोवताली आळसावलेले खेडे. अशा अवस्थेत ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्रावरील एक लेख त्यांच्या हाती पडला आणि या तरुणाच्या आयुष्याला दिशा मिळाली. मासिकातील एका लेखाने माणूस बदलतो यावर आज कोणी विश्वास ठेवणार नाही; पण धर्मानंदांच्या बाबतीत ते घडले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट, ग्वाल्हेर, काशीतील अन्नछत्रांवर राहून संस्कृताचे अध्ययन, नेपाळ, बुद्धगया, आणि शेवटी सिंहलद्वीप, अशी ही वाटचाल आहे. १९०२ साली त्यांनी तेथे श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात राहून ध्यानाभ्यास केला. परत आल्यावर कलकत्त्यास अध्यापन, सयाजीराव महाराजांचे साहाय्य, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन, पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन, गुजरात विद्यापीठ, रशियातील लेनिनग्राड, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास. सांखवाळच्या बागायतीतून निघालेल्या माणसाने केलेला हा प्रवास अद्भुतच म्हटला पाहिजे.

परंतु या चरित्राकडे पाहताना डोळे दिपू देऊ नयेत. धर्मानंद घरातून निघाले तेव्हा मागे तरुण पत्नी होती, तान्ही मुलगी होती. ज्ञानाच्या शोधार्थ निघालेल्या पुरुषाची कीर्ती आपण गातो, त्याच्या पाठीमागे उंबऱ्यावर उभ्या राहिलेल्या स्त्रीला मात्र कोणी विचारीत नाही. सिद्धार्थाच्या बाबतीत आपण हा प्रश्न टाळतो, कारण तो काळ दूरचा आहे. येथे मात्र तो टाळता येत नाही. एकाची शांती दुसऱ्याच्या अशांतीवर उभी राहू शकते काय? धर्मानंदांच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येईल, की ते पुन्हा संसारात परतले आणि मिळविलेले ज्ञान त्यांनी गुहेत कोंडून ठेवले नाही. मुंबईस परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. मनाच्या शांतीचा शोध घेत निघालेला साधक शेवटी गिरणीच्या भोंग्याजवळ येऊन बसला, यातच त्यांच्या विचाराची दिशा दिसते.

हा विचार त्यांनी १९३५ साली ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या ग्रंथात मांडला. त्यातील एक सूत्र मला फार मोलाचे वाटते. अहिंसेला प्रज्ञेची जोड हवी, हे ते सूत्र. प्रज्ञा म्हणजे निव्वळ बुद्धी नव्हे. दुःखाचे कारण काय ते पाहण्याचे आणि ते कारण दूर करण्याचे सामर्थ्य. वैद्य जर रोग्याच्या कपाळावर प्रेमाने हात फिरवीत बसला आणि त्याने नाडी पाहिलीच नाही, तर त्याच्या दयेचा रोग्याला काय उपयोग? उलट, ज्याला रोग कळतो पण रोग्याविषयी ममता नाही, असा वैद्य कसायाहून निराळा कसा म्हणावा? अहिंसा प्रज्ञेवाचून दुबळी आणि प्रज्ञा अहिंसेवाचून क्रूर. जरा आणि व्याधी यांनी शरीर थकल्यावर धर्मानंदांनी सेवाग्राम येथे अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे गुणवर्णन केले. देशाच्या फाळणीची घोषणा होऊन तेव्हा एकच दिवस झाला होता. एका बाजूला एक माणूस आपल्या मनातील वैर निःशेष करून जात होता आणि दुसऱ्या बाजूला लक्षावधी माणसांच्या मनांत ते पेटत होते. एकट्याच्या मनाची शांती कितीही निर्मळ असली तरी ती समाजाला आपोआप पोचत नाही, हे त्या दिवसांनी दाखवून दिले.

पुत्र दामोदर यांचा आरंभ या ठिकाणापासून आहे. त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वयाच्या अकराव्या वर्षी ते वडिलांबरोबर अमेरिकेस गेले आणि हार्वर्डची पदवी घेऊन १९२९ साली परतले. काशी, अलीगढ, पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी गणित शिकविले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९६२ पर्यंत होते. पुण्याहून रोज आगगाडीने मुंबईस जायचे आणि सवड मिळेल तेव्हा पुण्याच्या आसपासचे डोंगर, धनगरवाडे, म्हसोबाचे ओटे आणि ओढ्याकाठचे अश्मयुगीन दगडी कपचे धुंडाळीत पायी भटकायचे, असा त्यांचा क्रम असे. नाण्यांचे वजन करता करता ते इतिहासाकडे वळले आणि इतिहासातून समाजशास्त्राकडे. १९५६ साली त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील मोठा ग्रंथ निघाला. १९६२ साली ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’. या दुसऱ्या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावसंस्थेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्या देवस्थानांच्या महाजनांनी ते प्रकरण एकदा तरी वाचावे.

भारतीय समाजाविषयी दामोदरांनी जो सिद्धांत मांडला, त्याचा आपल्याशी निकटचा संबंध आहे. अन्य देशांत वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला तलवारीच्या धाकात ठेवले. आपल्याकडे तेच काम फार थोड्या रक्तपाताने झाले. वन्य जमातींच्या देवता मोठ्या देवतांच्या परिवारात सामावून घेतल्या गेल्या, त्या जमातींना जातीचे नाव मिळाले, आणि धर्मश्रद्धेच्या बंधनाने समाज एकत्र बांधला गेला. शस्त्र कमी लागले. पण त्याची किंमत म्हणून अज्ञान आणि दारिद्र्यही तसेच टिकून राहिले. हा सिद्धांत ऐकून क्षणभर मन दुखावते. पण आपल्याच महालांकडे पाहा. पेडण्याच्या आणि डिचोलीच्या खेड्यांत सातेरी ही वारुळाच्या, म्हणजे रोयणीच्या, रूपात पुजली जाते. हीच भूमिदेवता पुढे अनेक ठिकाणी शांतादुर्गा या नावाने ओळखली जाऊ लागली, असे अभ्यासक मानतात. वारूळ उभे असते ते मातीत, आणि मातीशी पहिला संबंध कसणाऱ्याचा. देवी मंडपात आली. तिचा पहिला भक्त तिच्याबरोबर मंडपात आला काय?

शिव आणि विष्णू यांच्या कलहाविषयीही दामोदरांनी असाच प्रश्न विचारला आहे. स्मार्त आणि वैष्णव यांचा वाद निव्वळ गंधाच्या आकारावरून झाला, यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याखाली जमिनीच्या हितसंबंधांचा झगडा होता असे त्यांनी प्रतिपादन केले. आणि ते मूळ कायम राहिल्यामुळे हरी आणि हर यांना एका मूर्तीत जोडूनही भांडण मिटले नाही, असे त्यांचे मत. आमच्या शांतादुर्गेच्या कथेला ही केवढी कठोर टीका वाटते! मध्यस्थी झाली, दोघेही शांत झाले, पण ज्या कारणासाठी ते लढत होते त्या कारणाचे काय झाले?

शांततेच्या चळवळीत दामोदर उतरले ते याच दृष्टीने. हिरोशिमा आणि नागासाकी यांच्या संहारानंतर जगभर जी शांतता चळवळ उभी राहिली, तिच्या जागतिक परिषदेचे ते सदस्य होते. ‘साम्राज्यवाद आणि शांतता’ या विषयावर त्यांनी १९५१ साली लेख लिहिला. युद्ध हे माणसाच्या स्वभावात नाही, ते नफ्याच्या आणि सत्तेच्या व्यवस्थेत आहे, हा त्यांचा पक्ष. अणुशक्तीच्या मोहात न पडता या देशाने वर्षभर तळपणाऱ्या सूर्याची शक्ती वापरावी, असे ते आग्रहाने सांगत. आणि ते ज्या संस्थेत नोकरीस होते ती तर देशातील अणुसंशोधनाचे माहेरघर. आपल्या मताची किंमत काय पडेल याचा हिशेब न करता बोलणारा हा गणिती होता. १९६२ साली संस्थेने त्यांचा करार वाढविला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यास, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे देहावसान झाले.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप भाविकाचा. जो माणूस देवतेच्या मागे जमीन पाहतो आणि भक्तीच्या मागे हितसंबंध पाहतो, त्याने आम्हांला शांती काय शिकवावी? हा आक्षेप मी तुच्छ मानीत नाही. ज्या आजीने देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडली, तिच्या मनात हितसंबंध नव्हता. तेथे केवळ प्रेम होते, आणि कोणत्याही सिद्धांताने ते प्रेम उलगडून संपत नाही. पण याच आजीच्या होडीचे वल्हे कोणाच्या हातात होते, हे विचारल्याने तिच्या भक्तीला कमीपणा येत नाही. उलट जी श्रद्धा असा प्रश्न सहन करू शकत नाही, तिला आपल्या देवाच्या सामर्थ्याचाच संशय आहे, असे म्हणावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शांततेची ती जागतिक चळवळ सोविएत रशियाच्या फार जवळ होती. १९५६ साली रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले तेव्हा शांततेच्या या पुरस्कर्त्यांची मोठी कसोटी लागली, आणि ती चळवळ तीत उतरली असे म्हणवत नाही. एका बाजूची हिंसा स्पष्ट दिसावी आणि दुसऱ्या बाजूच्या हिंसेला इतिहासाची गरज म्हणावे, हा दोष व्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्यांना सहज जडतो. येथे पुत्राला पित्याचे सूत्र ऐकवावे लागते. प्रज्ञा अहिंसेवाचून क्रूर होते. कारणे शोधण्याच्या भरात समोरचे माणूस दिसेनासे झाले, की शांततेची परिषदही छावणी बनते. पिता अपुरा, पुत्रही अपुरा. पण दोघांचे अपुरेपण एकाच ठिकाणचे नाही, आणि म्हणून दोघांना एकत्र वाचावे.

गोव्याच्या इतिहासानेच हे आपल्याला शिकविले आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे महालातील पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही आले. पंजाबातील कर्नैल सिंग हा तरुण तेथे गोळीला छाती देऊन पडला. ज्या भूमीचे नावही त्याने बालपणी ऐकले नसेल, तिच्यासाठी तो मेला. हात न उचलता मरणे ही अहिंसेची पराकाष्ठा होय. तरीही सालाझारचे राज्य हलले नाही. ते हलले १९६१ च्या डिसेंबरात, जेव्हा भारतीय सेना सरहद्द ओलांडून आली. अहिंसा हरली आणि शस्त्र जिंकले, असा हिशेब काहीजण करतात. मला तो उथळ वाटतो. पत्रादेवीला जे पडले त्यांनी या राज्याचा नैतिक आधार काढून घेतला. सेनेने जो ढकलला तो आतून पोकळ झालेला वाडा होता. पण याहून महत्त्वाचे हे, की १९ डिसेंबर १९६१ रोजी शांती झाली, असे समजून आपण थांबलो असतो तर ती शांती भाटकाराची झाली असती, मुंडकाराची नव्हे.

सुदैवाने आपण अगदीच थांबलो नाही. १९६४ साली कूळ कायदा आला, १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकून लावण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्या वेळी, शांत गावात कलह माजविला, अशी ओरड झाली होती. तीत सर्वस्वी खोटे काही नव्हते. भाऊबंदकी वाढली, कज्जे वाढले, देवळाच्या उत्सवात एका पंक्तीला बसणारे एकमेकांचे तोंड पाहीनासे झाले. पण कलह कायद्याने आणला, की कायद्याने तो फक्त दाखवून दिला? शेत एकाने कसावे आणि त्याच्या झोपडीवर नांगर कधी फिरेल ते दुसऱ्याने ठरवावे, या स्थितीला आपण जे शांती म्हणत होतो, तो फक्त एका बाजूचा नाइलाज होता. ज्याला बोलता येत नाही त्याच्या गप्प बसण्याला संमती समजणे, ही भूल सज्जन माणसांकडूनच अधिक होते. कारण दुर्जनाला संमतीची गरजच वाटत नाही.

डिचोलीच्या खाणी, मोपाचे पठार, देवस्थानांच्या महाजनकीचे आणि मानपानाचे वाद, हे आजचे प्रश्न याच कसोटीवर घासून पाहावे लागतील. प्रत्येक ठिकाणी कोणी ना कोणी म्हणतो, वाद नको, शांतता राखा. हे शब्द ऐकले की कोसंबी पितापुत्रांचे दोन प्रश्न आपण स्वतःस विचारावे. पित्याचा प्रश्न : हे बोलताना माझ्या मनात वैर आहे काय? पुत्राचा प्रश्न : या शांततेची किंमत कोण देत आहे? पहिला प्रश्न विचारून जो दुसरा विसरतो तो साधू होतो, पण गावाच्या उपयोगी पडत नाही. दुसरा विचारून जो पहिला विसरतो तो गावाला रणांगण करतो.

डिचोली महालातील शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, पेडण्यातील मोरजीची मोरजाय या सख्ख्या बहिणी, आणि म्हापशाच्या इगर्जीतील मिलाग्रीस सायबीण हीही त्यांतलीच एक, अशी आपली लोककथा आहे. हिंदू तिच्या फेस्ताला तेल वाहतात. धर्म बदलला तरी बहीण ती बहीण, असे म्हणणाऱ्या या समाजाजवळ अहिंसेचा ठेवा मोठा आहे, हे कोणी नाकारू नये. उणीव असेल तर ती प्रज्ञेची. दूर गेलेल्या बहिणीला आपण ओळखतो, पण पायरीखाली उभ्या असलेल्या भावाला ओळखावयास आपल्याला कायद्याची वाट पाहावी लागली.

शांतादुर्गेच्या कथेकडे पुन्हा वळून पाहता मला वाटते, तिच्या मध्यस्थीवरील टीका अर्धीच खरी आहे. भांडणाऱ्यांच्या मध्ये उभे राहण्यासाठी दोघांच्याही रागाला आपल्या अंगावर घ्यावे लागते. दूर उभे राहून उपदेश करणाऱ्याचे ते काम नव्हे. आणि दोन्ही बाजूंचे ऐकून घेतल्यावाचून मध्यस्थी होतच नाही. देवी शांत आहे ती तिने डोळे मिटले म्हणून नव्हे. तिच्या नावात शांतेनंतर दुर्गाही आहे, हे आपण विसरू नये.

येत्या वार्षिकाला मानकरी पुन्हा गाऱ्हाणे घालील, आणि आपण सारे त्या ओळखीच्या सुरात होकार देऊ. तो देण्यापूर्वी क्षणभर मागे वळून पाहावे. आपल्यामागे कोण उभे आहे, किती दूर उभे आहे आणि त्याचा आवाज आपल्या आवाजात मिसळतो आहे की नाही, हे पाहावे. तो मिसळत असेल तर निःशंक मनाने म्हणावे, “व्हय म्हाराजा!”